संशय चिकनवर होता: जालना रोडवरच्या एका पबमधल्या विषबाधेचा तपास

शनिवारची रात्र, मे महिना, छत्रपती संभाजीनगर. सहा मित्र जालना रोडवरच्या एका पबमध्ये बसले. एकाला वाळूजच्या कंपनीत प्रमोशन मिळालं होतं, त्याची पार्टी. साडेआठला बैठक सुरू झाली, अकराच्या सुमारास बिल झालं. मध्यरात्रीनंतर तिघांना उलट्या सुरू झाल्या. त्यातल्या एकाला पहाटे खासगी दवाखान्यात सलाईन लागलं. सोमवारी चौथा ताप आणि जुलाबांनी आडवा झाला. सोमवारी दुपारीच पार्टी देणाऱ्यानं अन्न व औषध प्रशासनाच्या हेल्पलाईनला (१८००-२२२-३६५) फोन लावला आणि तक्रारीत लिहिलं, "चिकन लॉलीपॉप खराब होतं, चौघांना विषबाधा."

त्याच संध्याकाळी पबच्या मालकांनी मला बोलावलं. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासणं, कामगारांना स्वच्छतेचं प्रशिक्षण देणं हा माझा व्यवसाय. पैसे मालकांचे होते हे आधीच सांगून ठेवतो. मात्र ग्राहकांशी मी स्वतः बोलेन आणि जे निघेल ते दोघांनाही सांगेन, ही अट मी घातली आणि त्यांनी ती मान्य केली. पबचं आणि माणसांचं नाव इथं देत नाही.

मालकांचा पहिला प्रश्न अगदी ठरलेला होता. "सर, दीडशे माणूस जेवलं त्या रात्री. बाकीचे काय लोखंडाचे होते काय? हे लोक पिऊन पडले असतील अन् नाव आमचं."

प्रश्नात तथ्य नव्हतं असं नाही. रिकाम्या पोटी भरपूर दारू, वर तेलकट चखणा, एवढ्यानं उलटी होऊ शकते. तिला विषबाधा म्हणत नाहीत. पण या टेबलावर एक माळकरी होता. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला पैठण. मित्रांसाठी आला होता. त्यानं दारूला हात लावला नव्हता, मांसमच्छी तर नाहीच. कोल्ड्रिंक, मसाला पापड आणि व्हेज फ्राईड राईस, एवढंच. कढई वेगळी घ्या असंही वेटरला बजावलं होतं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त उलट्या झाल्या त्या त्यालाच. सलाईन लागलं तेही त्यालाच. म्हणजे दारूचा मुद्दा तिथंच निकाली निघाला आणि चिकनचाही. लॉलीपॉप न खाणारा पहिला आडवा झाला, आणि ज्यानं दोन प्लेटी एकट्यानं संपवल्या तो दुसऱ्या दिवशी ठणठणीत कामावर गेला होता.

तरी सगळ्यांचं बोट चिकनवरच. आपल्याकडं बाहेर खाऊन पोट बिघडलं की आरोपी ठरलेले असतात: चिकन, अंडं, नाहीतर पाणीपुरीचं पाणी. भाताला कोणी नाव ठेवत नाही. आजारी माणसाला आपण मऊ भातच देतो.

अशा वेळी दोन गोष्टी विचारायच्या. कोणी काय खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला. नेमक्या याच गोष्टी कोणी लिहून ठेवलेल्या नसतात. दवाखान्याच्या केसपेपरवर "ॲक्युट गॅस्ट्रोएन्टरायटिस" एवढंच होतं. पहिली उलटी कधी झाली, आदल्या दिवशी काय खाल्लं, काही नाही. मी सहाही जणांना वेगवेगळा फोन केला. एकत्र विचारलं की सगळ्यांची आठवण सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसासारखी होऊन जाते.

ग्राहकांच्या आठवणीपेक्षा भरवशाची गोष्ट काउंटरवर निघाली: केओटी. वेटर ऑर्डर टाकतो तेव्हा किचनमध्ये जी चिठ्ठी छापली जाते, तिच्यावर टेबल नंबर, पदार्थ आणि वेळ असते. या टेबलाचा व्हेज फ्राईड राईस रात्री १०:१२ ला पडला होता, ट्रिपल शेजवान (यातही भातच असतो) १०:१६ ला. दोन्ही प्लेटी साडेदहाच्या आसपास टेबलावर आल्या.

मग चित्र असं दिसलं. माळकऱ्यानं व्हेज राईस खाल्ला. साडेबाराला पहिली उलटी, पहाटेपर्यंत थांबली नाही. पार्टी देणाऱ्यानं ट्रिपल शेजवान खाल्ला. सव्वाला उलट्या सुरू. तिसऱ्यानं त्याच्याच प्लेटमधले दोन-चार चमचे घेतले; दोनच्या सुमारास मळमळ आणि एकच उलटी. ताप कोणालाच नाही, जुलाब नावाला. दुपारपर्यंत तिघंही उठून बसले. उरलेल्या तिघांनी रोटी आणि हंडी खाल्ली, भात नाही, आणि त्या रात्री त्यांना काहीच झालं नाही.

भात खाणारे तीन, तिघंही आजारी. न खाणारे तीन, तिघंही बरे. सहा जणांतून कोणतेही तिघं आजारी पडण्याचे वीस प्रकार होतात, आणि त्यातला एकच भात खाणाऱ्या तिघांशी तंतोतंत जुळतो. म्हणजे निव्वळ योगायोगानं हे जुळण्याची शक्यता वीसात एक. ऐकायला भारी वाटतं, पण टेबलावर पदार्थ दहा-बारा होते, त्यातला एखादा असाच जुळून गेला असंही होऊ शकतं. म्हणून नुसत्या आकड्यावर मी थांबलो नाही. घड्याळाकडं पाहिलं.

अन्नातून होणाऱ्या आजारांना आपापली वेळ असते. साल्मोनेलाला साधारण सहा तासांपासून काही दिवस लागतात आणि सोबत बहुधा ताप येतो. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास. कॅम्पिलोबॅक्टर तर दोन ते पाच दिवसांनी उगवतो. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत नुसत्या उलट्या, ताप नाही, दिवसभरात माणूस बरा, असं असेल तर जंतू पोटात जाऊन वाढलेला नसतो. विष आधीच अन्नात तयार होऊन बसलेलं असतं. अशा विषाचे नेहमीचे धनी दोन. एक स्टॅफिलोकोकस ऑरियस, हा माणसाच्या नाकातून, हातावरच्या जखमेतून अन्नात येतो. दुसरा बॅसिलस सेरियस. याचं उलट्या करवणारं विष अर्ध्या तासापासून सहा तासांत गुण दाखवतं आणि त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे शिजवून बाहेर ठेवलेला भात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चायनीज हॉटेलांत फ्राईड राईस खाऊन लोकांना उलट्या झाल्या, तेव्हापासून ही जोडी वैद्यकाच्या पुस्तकांत आहे.

बॅसिलस सेरियस मातीतला जंतू. तांदळाच्या दाण्यावर त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली झोपलेली रूपं, बसलेले असतातच, तांदूळ कितीही भारी असो. भात उकळला की इतर जंतू मरतात, हे बीजाणू तग धरतात. भात कोमट झाला की ते रुजतात आणि तीस-पस्तीस अंशांच्या आसपास जोमानं वाढतात, आणि वाढताना सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. चायनीजच्या कढईत भात दोन मिनिटं उडतो; त्या जाळानं जंतू मरेल, विषाला काही होणार नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, भात चिकट होत नाही. "गरमागरम होता हो, वाफा निघत होत्या," असं पार्टी देणारा मला पुन्हा पुन्हा सांगत होता. वाफा खऱ्याच होत्या.

मंगळवारी सकाळी मी किचनमध्ये गेलो. चायनीजचा मास्टर नेपाळचा, कामात तरबेज, बोलायला मोकळा. भात कधी शिजवतोस म्हटलं तर म्हणाला, "ताजा चावल चिपकता है साब. सुबह का चावल चाहिए, दाना खुला रहता है." बरोबरच आहे त्याचं. ताज्या भाताचा फ्राईड राईस गिचका होतो आणि प्लेट परत येते. जगभरचे मास्टर थंड भातच वापरतात. फरक एवढाच की तो थंड कुठं झाला.

इथं सकाळी अकराला एक मोठा टोप शिजायचा, संध्याकाळी सहाला दुसरा. सकाळचा दुपारच्या गिऱ्हाइकाला, संध्याकाळचा रात्रीच्या. पूर्वी हा भात ट्रेमध्ये पसरून फ्रीजमध्ये जायचा, तसे स्टीलचे ट्रे रॅकवर पडलेले होते, धूळ खात. मग आता का नाही? हेल्परनं फ्रीज उघडून दाखवला. खालपासून वरपर्यंत बिअर. मे महिन्यात काउंटरचे फ्रीज पुरत नाहीत, म्हणून किचनच्या फ्रीजमध्ये क्रेट घुसले होते. भाताचा टोप मागच्या पॅसेजमध्ये, कांद्याच्या पोत्याशेजारी, झाकण लावून.

शनिवारी गर्दी होती. संध्याकाळचा टोप दहाच्या आत संपला. मास्टरनं हाक मारली, हेल्परनं पॅसेजमधून सकाळचा उरलेला भात उचलून दिला. अकरा तास झाले होते त्याला. हेल्परनं हे न लपवता सांगितलं. त्यात काही चुकलं असं त्याला वाटतच नव्हतं.

मालकांना पटत नव्हतं. "झाकण होतं की सर." झाकणानं माशी अडते. म्हणून बुधवारी त्यांच्यासमोरच नेहमीसारखा टोप शिजवून त्याच जागी ठेवला आणि थर्मामीटर खुपसला. संध्याकाळी पाचला कडेला ३६ अंश, मधोमध ४४. रात्री नऊला मधोमध ३७. अन्नासाठी ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानतात. शिजलेलं अन्न थंड करायचं असेल तर पहिल्या दोन तासांतच २१ च्या खाली यायला हवं. दहा किलोचा भाताचा गोळा, वर झाकण, बाहेर मराठवाड्याचा मे. तो दोन तासांत तर सोडाच, दिवसभरात २१ ला येत नाही. थर्मामीटरचा आकडा पाहून मालक पहिल्यांदा गप्प झाले.

राहिला दीडशे माणसांचा प्रश्न. दहानंतर पॅसेजमधल्या टोपातून किती प्लेटी गेल्या हेही केओटीवरच होतं: पाच. दोन या टेबलावर. दोन दुसऱ्या एका टेबलावर, त्यांनी रोख पैसे दिले, त्यांचा पत्ता नाही. आणि एक पार्सल, १०:४१ चं, त्याच्या बिलावर मोबाईल नंबर होता. मालक फोन करायला तयार नव्हते, झोपलेल्याला कशाला उठवायचं म्हणाले. मी आग्रह धरला. फोन एका बाईंनी उचलला. राईस कसा होता एवढंच विचारलं. "राईस चांगला होता दादा, पण पोराला रात्री दोनला लई उलट्या झाल्या. दिवसभर उन्हात खेळला होता ना, ऊन बाधलं." घरात राईस कोणी खाल्ला? फक्त पोरानं.

मेमध्ये मराठवाड्यात उलटी झाली की ऊन लागलं, कांदा हुंगवा, पन्हं द्या. खरंच ऊन लागलेलं असतं तेव्हा ते ठीकच. पण यामुळं उन्हाळ्यातल्या किती विषबाधा उन्हाच्या खात्यावर जमा होत असतील याचा हिशोब कोणाकडंच नसणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रमातल्या प्रसादानंतर दोन हजारांच्या आसपास लोक आजारी पडले, तेव्हा सगळी यंत्रणा धावली, कारण ते लपण्यासारखं नव्हतंच. पाच प्लेटी वेगवेगळ्या दिशांना गेल्या की प्रत्येक घराला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं.

आता चौथा रुग्ण. त्याला सोमवारी पहाटे ताप आला, पोटात मुरडा, शौचातून आव आणि रक्त. पबमधून निघून तीस तास होऊन गेले होते. भात खाल्ला नव्हता. हंडी आणि लॉलीपॉप खाल्लं, पण ते खाणारे बाकीचे दोघं ठीक. लक्षणंही वेगळ्या जातीची. आतड्याला जंतूसंसर्ग झाला की असं होतं, शिगेला नावाचा जंतू किंवा तसलं काही, आणि त्याची मुदत एक ते तीन-चार दिवस धरली तर गुरुवारपासूनचं सगळं खाणं-पिणं संशयात येतं. शुक्रवारी तो जालन्याला लग्नात जेवला होता, येताना रसवंतीवर बर्फ घातलेला रस प्यायला होता. शौचाचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, होऊ शकलं असतं, पण अँटिबायोटिक आधीच सुरू झालं होतं. पबही संशयितांत आहेच, पण कितीतरी संशयितांतला एक.

मी पार्टी देणाऱ्याला सांगितलं, तक्रारीतून याला वगळा. तो चिडला. "तुम्ही मालकाचे पैसे घेतले ना सर, तुम्ही असंच म्हणणार." राग समजण्यासारखा होता. पण चार जण लिहिले आणि चिकनचं नाव दिलं, तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार: चौथ्यानं भात खाल्लाच नाही आणि माळकऱ्यानं चिकन खाल्लंच नाही, मग दोघं एकाच पदार्थानं आजारी कसे? तीन जण, भात, केओटीची वेळ आणि पार्सलवाला पोरगा, एवढं लिहिलं तर हलवणं अवघड. दोन दिवसांनी त्यानं तक्रार दुरुस्त केली. माळकऱ्यानं समजावलं म्हणे.

पुराव्याचं मात्र वाटोळं झालं होतं. टोप शनिवारीच घासून ठेवला, उरलेला भात कचऱ्यात. त्याहून वाईट म्हणजे माळकऱ्यानं अर्धी प्लेट पॅक करून घरी नेली होती. रविवारी सकाळी त्याच्या आईनं ती घंटागाडीत टाकली. घरात उलट्या चालू असताना कोणती आई दुसरं काय करेल! पण तोच भात स्वच्छ झाकणाच्या डब्यात, बिलासकट फ्रीजमध्ये राहिला असता तर प्रयोगशाळेला विष शोधता आलं असतं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० मध्ये ग्राहकाला स्वतः नमुना तपासून घ्यायची सोय आहे, पण अट अशी की खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगायचं. फ्राईड राईस मागवताना हे सांगणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. ग्राहकाच्या डब्यावरून खटला उभा राहिला नसता, तपासाला दिशा नक्की मिळाली असती.

अन्न सुरक्षा अधिकारी आले. त्यांनी त्या दिवशीचा भात, मसाले, सॉस यांचे नमुने घेतले. कायद्यानं नमुन्याचे चार भाग करतात, आणि विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा. अहवालात दोष निघाला नाही, आणि निघणार तरी कसा? शनिवारचा भात शनिवारीच गेला होता. परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे, तो इथं बिलावर होता. फ्रीजमधली बिअर, झाकणाचा टोप आणि तापमानाची नोंदच नसणं, यावर कलम ३२ खाली सुधारणा नोटीस निघाली. कलम ६५ मध्ये असुरक्षित अन्नानं झालेल्या साध्या इजेला एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे, पण तिथं अन्न असुरक्षित होतं हे सिद्ध व्हावं लागतं. मालकांनी बिलाचे आणि दवाखान्याचे पैसे परत दिले. पार्टी देणाऱ्यानं ते घेतले आणि तक्रारही ठेवली. दोन्ही बरोबर केलं असं मला वाटतं.

उपचारांबद्दल एक खटकलेली गोष्ट. तिघांनाही वेगवेगळ्या दवाखान्यांतून अँटिबायोटिक मिळालं. तयार विषावर त्याचा काही उपयोग नाही. पाणी, ओआरएस, उलटी थांबत नसेल तर सलाईन, एवढंच लागतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदम कालवायची, थोडी थोडी नाही. या विषाला क्षुल्लकही समजू नये, क्वचित ते यकृतावर जातं. २००८ मध्ये ब्रसेल्समध्ये वीस वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी खाऊन एका रात्रीत गेला. उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली, माणूस गुंगीत आहे, किंवा रक्त पडतंय, तर सकाळची वाट पाहायची नसते. आणि दारूनंतर बऱ्याच तासांनी अंधुक दिसू लागलं तर ती अन्नाची विषबाधा समजू नये, भेसळीच्या दारूतलं विषारी मिथेनॉल असू शकतं, थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

किचनमध्ये बदल सोपा होता. एका मोठ्या टोपाऐवजी तीन छोटे. पाणी थोडं कमी, भात निथळला की लगेच ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा पसरायचा, पंख्याखाली वाफ घालवायची आणि फ्रीजमध्ये. दाणा मोकळा होतो, मास्टर खूश. रात्री उरलेला भात दुसऱ्या दिवशी नाही. बिअरसाठी मालकांनी वेगळा फ्रीज घेतला. हेल्परला काढून टाकायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, शेठ, ज्या पोरानं खरं सांगितलं त्यालाच काढलं तर पुढच्या वेळी तुम्हाला कोण सांगणार? तो अजून तिथंच आहे.

जुलैमध्ये न सांगता गेलो. ट्रे फ्रीजमध्ये होते, पोत्याशेजारची जागा रिकामी. भिंतीवर तापमानाचा तक्ता लावलेला, सकाळ-दुपार-रात्र, महिनाभर प्रत्येक रकान्यात ४ अंश, एकाच पेनानं, एकाच दमात भरलेला. मी थर्मामीटर लावला, ११ निघाले. दाराचं रबर फाटलं होतं. मास्टर म्हणाला, "शेठको बोला था साब." शेठ म्हणाले, मिस्त्री उद्या येतो.